हुकर यांची वही आणि बागेतला बुरांश

एप्रिल-मे महिन्यांत दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या सहलीहून परतलेल्या प्रत्येक मराठी घरातल्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. धुक्यातला डोंगरउतार आणि त्यावर लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांनी लगडलेली झाडे. नेपाळीत त्याला गुरांस म्हणतात, गढवालात बुरांश. वनस्पतिशास्त्रातले नाव ऱ्होडोडेंड्रॉन. आपल्याकडे हिवाळ्यात कुंडीत विकायला येणारी अझेलियादेखील याच प्रजातीतली.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या रोपवाटिकांत आज या झाडाचे अक्षरशः हजारो संकरवाण मिळतात. तिथे राहायला गेलेले कुटुंब मागच्या अंगणासाठी एखादे रोप घ्यायला जाते, तेव्हा पंचाईत होते. चिठ्ठीवर फुलाचा रंग असतो, वाणाचे नाव असते, किंमत असते. पण हे झाड आपल्या अंगणातल्या थंडीत तगेल का, किती मोठे होईल, कळ्या उशिराच्या दहिवराने जळतील का, हे रंगावरून कळत नाही. ते कळते त्या वाणाच्या आईबापांवरून, म्हणजे ज्या मूळ जंगली जातींचा संकर करून तो वाण तयार झाला त्यांच्यावरून. आणि त्यातल्या कितीतरी मूळ जाती कोणत्या उंचीवर, कशा जागी वाढतात हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवले ते जोसेफ डाल्टन हुकर यांनी, १८४८ ते १८५० या काळात, सिक्कीमच्या पावसात भिजत.

हुकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या हेल्सवर्थ गावी झाला. वडील विल्यम हुकर हे पुढे ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. लहानगा जोसेफ वडिलांच्या वर्गात विद्यार्थ्यांबरोबर बसायचा. घरात वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे आणि दूरदेशच्या प्रवाशांची पत्रे, हेच त्याचे बालपण. त्या काळी वनस्पतिशास्त्रावर पोट भरणे अवघड होते, त्यामुळे त्यांनी ग्लासगोलाच वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८३९ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेत ‘एरेबस’ या जहाजावर सहायक सर्जन म्हणून ते रुजू झाले. चार वर्षे बर्फाळ समुद्रात काढून १८४३ मध्ये परतले, ते बेटाबेटांवरच्या वनस्पतींचा मोठा संग्रह घेऊनच.

परतल्यावर थोड्याच दिवसांत चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. जाती कायमच्या ठरलेल्या नसतात, त्या बदलतात, हा आपला धाडसी संशय डार्विन यांनी सर्वांत आधी ज्या मोजक्या माणसांपाशी उघड केला, त्यांत हुकर होते. ते पत्र जानेवारी १८४४ चे. तेव्हापासून कोणती वनस्पती कुठे वाढते आणि तिथेच का वाढते, हा प्रश्न हुकर यांच्या डोक्यात पक्का बसला. त्याचे उत्तर शोधायला उंच पर्वतासारखी दुसरी जागा नव्हती. एकाच डोंगरावर पायथ्याला उष्ण जंगल आणि माथ्यावर बर्फ, म्हणजे हजारो मैलांचा प्रवास काही कोसांत.

नोव्हेंबर १८४७ मध्ये ते भारताकडे निघाले. प्रवासात हिंदुस्थानचे नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी सोबत होते, ज्यांनी पुढे साताऱ्याचे राज्य खालसा केले तेच. एप्रिल १८४८ मध्ये हुकर दार्जिलिंगला पोहोचले. तिथे ब्रायन हॉजसन या नेपाळच्या जाणकार अभ्यासकाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी परवानग्या मिळवण्यासाठी खटपट केली. पुढे हुकर यांनी नव्या जातींना जी नावे दिली, त्यांत हे सगळे ऋण उतरले. हॉजसनी, कॅम्पबेली, लेडी डलहौसींच्या नावाची डलहौसी, मित्र डॉ. थॉमस थॉमसन यांच्या नावाची थॉमसनी. ज्यांच्या पाठीवरून हा सगळा संग्रह डोंगरांतून खाली आला त्या लेपचा, भुतिया आणि नेपाळी माणसांची नावे मात्र फुलांना मिळाली नाहीत, हेही खरे. त्यांच्या मदतीशिवाय एकही रोप दार्जिलिंगपर्यंत पोहोचले नसते.

ऑक्टोबर १८४८ मध्ये पन्नासहून अधिक माणसांचा तांडा घेऊन हुकर पूर्व नेपाळकडे निघाले आणि १८४९ मध्ये सिक्कीमच्या आतल्या दऱ्यांत शिरले. पावसाळ्यात वाटा वाहून जात. कपड्यांत जळवा शिरत. वनस्पती दाबून ठेवायचे कागद रोज शेकोटीवर वाळवावे लागत, नाहीतर दिवसभराची मेहनत बुरशीला जाई. या सगळ्यात एक काम त्यांनी चुकवले नाही. प्रत्येक मुक्कामाची उंची मोजायची आणि लिहायची.

उंची मोजायची एक सोपी रीत त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे पाणी उकळायचे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. साडेपाच हजार मीटरवर ते साधारण ८२ अंशांनाच उकळते. चांगला तापमापक आणि चहाचे भांडे असले की उंचीचा अंदाज येतो. सोबत वायुभारमापक होताच.

या आकड्यांनी ऱ्होडोडेंड्रॉनच्या पसाऱ्याला एक शिस्त आली. डलहौसी ही जात दार्जिलिंगच्या आसपास ओकच्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसलेली मिळाली, मुळे जमिनीत नाहीतच. एजवर्थीचेही तसेच, सुवासिक पांढरी फुले आणि झाडांच्या खोडांवर मुक्काम. ग्रिफिथियानम साधारण ७,००० ते ९,००० फुटांवर, हाताच्या तळव्याएवढ्या फुलांची. त्याच्या वर फाल्कोनेरी आणि हॉजसनी, लांबरुंद पानांची. ११,००० फुटांच्या पुढे रक्तासारखी लाल थॉमसनी आणि फिकट पिवळी कॅम्पिलोकार्पम. आणखी वर, जिथे झाडे संपतात तिथे, अँथोपोगॉन आणि सेटोसम ही घोट्या-गुडघ्याएवढी झुडपे. अगदी बर्फाच्या कडेला निवाले, जमिनीला चिकटून वाढणारी. म्हणजे एकाच प्रजातीतले एक भावंड उबदार, दमट जंगलात झाडावर राहते आणि दुसरे हिमरेषेजवळ दगडांत. दर हजार फुटांना साधारण दोन अंशांनी हवा थंड होते. तेव्हा उंचीचा आकडा म्हणजे त्या झाडाच्या सोशिकतेचा पहिला अंदाजच.

हुकर डॉक्टर होते, त्यामुळे फुलांच्या सौंदर्यापलीकडच्या गोष्टीही त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. सिन्नाबारिनम या जातीची पाने खाऊन शेळ्यांची करडे मरतात, असे त्यांना सांगण्यात आले. तिचे सरपण जाळले की चेहरा सुजतो आणि डोळे लाल होतात, हे त्यांनी स्वतः पाहिले. वसंतात ऱ्होडोडेंड्रॉन फुलले की रानमध विषारी होतो म्हणून लोक तो त्या काळात टाळतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. उंचावरची डोकेदुखी अँथोपोगॉनसारख्या झुडपांच्या उग्र वासाने होते, असा तिथल्या लोकांचा समज होता. त्याचीही नोंद झाली. आज कळते की ती डोकेदुखी विरळ हवेतल्या कमी प्राणवायूची. मधाबद्दलचा अनुभव मात्र अचूक होता. अनेक ऱ्होडोडेंड्रॉनच्या पानांत, फुलांत आणि मधुरसात ग्रेयानोटॉक्सिन नावाची द्रव्ये असतात. मज्जातंतू आणि हृदयाच्या पेशींमधली सोडियमची दारे ती उघडीच ठेवतात. मग मळमळ, उलट्या, चक्कर, नाडी मंद होणे, रक्तदाब एकदम उतरणे असा त्रास होतो. बहुतेक माणसे एका दिवसात सावरतात, पण नाडी फार मंदावली तर रुग्णालय गाठावेच लागते.

नोव्हेंबर १८४९ मध्ये प्रकरण वेगळ्याच वळणावर गेले. सिक्कीमच्या दरबाराला, विशेषतः दिवाणाला, या परक्या माणसाने सीमेवरच्या खिंडी मोजत फिरावे हे मान्य नव्हते. त्यातही हुकर आणि कॅम्पबेल तिबेटच्या हद्दीत जाऊन आले होते. परतताना दोघांना पकडण्यात आले. कॅम्पबेल यांना बांधून मारहाण झाली. हुकर यांना तसा त्रास झाला नाही, तरी मित्राला सोडून जायचे त्यांनी नाकारले. डिसेंबरच्या अखेरीस दोघांची सुटका झाली. पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी याचे निमित्त करून सिक्कीमचा पायथ्याकडचा सुपीक मुलूख ताब्यात घेतला आणि राजाला मिळणारा तनखा बंद केला. युरोपच्या बागांना सिक्कीमची फुले मिळाली त्याच काळात सिक्कीमने आपली जमीन गमावली. फुलांच्या या इतिहासातले हे पान सहसा कोणी उलगडत नाही.

हुकर भारतात असतानाच, १८४९ मध्ये, त्यांच्या वडिलांनी सिक्कीमच्या ऱ्होडोडेंड्रॉनवरच्या चित्रमय ग्रंथाचा पहिला भाग लंडनमध्ये प्रसिद्ध केला. हुकर यांनी पाठवलेल्या रेखाटनांवरून आणि वाळलेल्या नमुन्यांवरून वॉल्टर फिच या चित्रकाराने ३० मोठी रंगीत चित्रे केली. वडील तेव्हा लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक होते. बियाणे क्यूला आले आणि तिथून ते अनेक बागांमध्ये आणि रोपवाटिकांमध्ये वाटले गेले. हुकर स्वतः १८५१ मध्ये मायदेशी परतले.

आता खरी परीक्षा सुरू झाली. हिमालयातली झाडे म्हणजे थंडी सोसणारी, असा अनेकांचा समज झाला. काहींनी उलट टोक गाठले आणि सगळीच रोपे काचघरात कोंडली. दोन्ही चुकले. खालच्या उंचीवरच्या डलहौसी, एजवर्थी, ग्रिफिथियानम उघड्यावर कडक हिवाळ्यांत गेल्या. वरच्या जातींचे दुखणे निराळे होते. त्यांच्या डोंगरात हिवाळा सलग असतो, झाडे बर्फाखाली झोपून राहतात आणि बर्फ वितळले की एकदाच जागी होतात. इंग्लंडमध्ये फेब्रुवारीतच चार दिवस ऊन पडते, झाड फसते, कळ्या उमलतात आणि मार्चचे दहिवर त्या जाळून टाकते. क्यूची जमीन वाळूची आणि कोरडी, तिथेही ती फारशी रमली नाहीत. पाऊस भरपूर आणि हिवाळा सौम्य असलेल्या कॉर्नवॉलमध्ये आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र त्यांनी जोर धरला.

माळ्यांनी यावर तोडगा काढला तो संकराचा. रंग, आकार आणि सुवास सिक्कीमच्या जातीचा घ्यायचा, आणि थंडीतली चिवट प्रकृती दुसऱ्या जातीची. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरातली कॅटॉबिएन्स ही जात कडाक्याची थंडी सोसते, पण तिच्या फुलांचा रंग साधा जांभळट. ग्रिफिथियानमशी तिचा संकर झाला आणि पुढच्या पिढ्यांमधून १८९० च्या दशकात ‘पिंक पर्ल’ हा भरघोस गुलाबी वाण आला. तो अजून विकला जातो. सिक्कीमच्या सिलियाटम या बुटक्या जातीचा सैबेरियाकडच्या डॉरिकमशी संकर झाला, त्यातून ‘प्रीकॉक्स’ मिळाला, हिवाळा सरता सरता फुलणारा आणि छोट्या अंगणात मावणारा. एजवर्थीचा सुवास ‘फ्रॅग्रंटिसिमम’मध्ये उतरला, पण तिची नाजूक प्रकृतीही सोबत आली. त्यामुळे थंड भागात तो कुंडीत लावून हिवाळ्यात आत घ्यावा लागतो. पिवळ्या रंगाच्या अनेक वाणांमागे कॅम्पिलोकार्पम आहे.

सगळ्यांत शिकवून जाणारे उदाहरण ‘लोडेरी’चे. ग्रिफिथियानम आणि चीनमधली फॉर्च्युनी यांचा संकर क्यूमध्ये आधीच झाला होता. सर एडमंड लोडर यांनी १९०१ मध्ये ससेक्समधल्या लेनर्ड्सली इथे त्याच दोन जातींचा संकर पुन्हा केला, पण दोन्ही बाजूंची उत्तमोत्तम झाडे निवडून. त्यांची रोपे क्यूच्या रोपांपेक्षा कितीतरी सरस निघाली. म्हणजे नुसती जात पाहून भागत नाही, त्या जातीतले नेमके कोणते झाड हेही महत्त्वाचे. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, कलमच लागते. हे कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला सांगावे लागत नाही. ऱ्होडोडेंड्रॉनचेही तसेच.

या संकरांनी डार्विन यांच्या मुख्य प्रश्नालाही हात घातला. दोन निराळ्या जातींची संतती नेहमी वांझ निघते, म्हणून जातींमधली भिंत निसर्गानेच कायमची बांधली आहे, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात चार्ल्स नोबल या रोपवाटिकाचालकाचा अनुभव दिला. पाँटिकम आणि कॅटॉबिएन्स यांच्या संकराला भरपूर आणि उगवणारे बी येते. भिंतीला भेगा आहेत, हे माळ्यांना कधीच ठाऊक होते. त्या आधी १ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि वॉलेस यांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडले गेले, त्यामागे भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांच्याबरोबर हुकर होते. उत्क्रांतीच्या बाजूने उघडपणे उभे राहणाऱ्या पहिल्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

१८६५ मध्ये वडिलांच्या निधनानंतर हुकर क्यूचे संचालक झाले आणि २० वर्षे त्या पदावर राहिले. १८७२ ते १८९७ या काळात ब्रिटिश भारतातल्या वनस्पतींचा सात खंडांचा कोश त्यांनी इतरांच्या साहाय्याने पूर्ण केला. सह्याद्रीतल्या वनस्पती ओळखताना महाराष्ट्रातले अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. अखेरच्या वर्षांत त्यांनी सगळे लक्ष तेरड्याच्या प्रजातीवर लावले. पावसाळ्यात कासच्या पठारावर फुलणाऱ्या ‘इम्पेशन्स लॉई’ या तेरड्याच्या शास्त्रीय नावापुढे हुकर आणि थॉमसन यांची नावे लागतात. नव्वदी उलटल्यावरही ते भिंगाखाली तेरड्याची वाळलेली फुले उलगडत बसत. १० डिसेंबर १९११ रोजी सनिंगडेल इथल्या घरी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्यूच्या चर्चच्या आवारात वडिलांशेजारी त्यांना पुरले.

त्यांच्या वहीतून आजच्या बागेसाठी निघणारे धडे साधे आहेत. वाण निवडताना आधी त्याचे आईबाप विचारावेत. आईबाप खालच्या उंचीवरचे असतील तर झाड थंडीला कच्चे. अगदी वरच्या उंचीवरचे असेल तर ते बुटके आणि थंडीला काटक, पण उकाडा त्याला सोसत नाही. मैदानी महाराष्ट्रातल्या मे महिन्यात ही झाडे जगत नाहीत, म्हणून सिक्कीमहून रोपटे उपटून आणण्यात काही अर्थ नाही. जंगलातून ते आणणे गैर आहेच. लवकर फुलणारा वाण असेल तर तो सकाळचे ऊन थेट पडणार नाही अशा जागी लावावा, कारण गोठलेल्या कळ्या एकदम तापल्या की करपतात. माती आम्लधर्मी हवी. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. मुळे वरच्यावर पसरतात, त्यामुळे खोल लावू नये, भोवती खणू नये, पालापाचोळा पसरून ठेवावा.

जुने वाण बहुधा पाँटिकमच्या खुंटावर कलम केलेले असतात. कलमाखालून आलेला फुटवा वेळीच काढला नाही तर काही वर्षांत वरचा वाण मरतो आणि खुंटच झाड होऊन बसतो. आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या जंगलांत हेच पाँटिकम आता इतके माजले आहे की खाली दुसरे काही उगवत नाही. म्हणून स्वतःच्या मुळांवर वाढवलेले रोप मिळाले तर तेच घ्यावे.

शेवटी डॉक्टर हुकर यांची नोंद विसरू नये. उत्तराखंड आणि हिमाचलात लाल बुरांशच्या पाकळ्यांचे सरबत पितात, म्हणून बागेतल्या कोणत्याही वाणाचे फूल खाण्याजोगे होत नाही. संकरात रंगाबरोबर विषही कोणत्या प्रमाणात उतरले आहे, हे पाहून कळत नाही. पाने तोंडात घालू नयेत, त्यांचा काढा करू नये. लहान मुले, कुत्री आणि शेळ्या यांच्यापासून झाड दूर असावे आणि छाटलेल्या फांद्या शेकोटीत टाकू नयेत. सिक्कीममधल्या लोकांना हे १८४९ च्या आधीपासून ठाऊक होते. हुकर यांनी ते विचारले, पाहिले आणि लिहून ठेवले.